दुर्लक्षितांचा सातबारा

ठाण्यातल्या बाळकुमच्या गावठाणातलं एखादं जुनं घर सातबाऱ्यावर शोधायला जाल, तर हात हलवत परत याल. महसुलाची मोजणी शेताची. गावठाणाला हद्दीची रेघ मारून मोजणीदार पुढे निघून गेले. जिथे नगर भूमापन झालं तिथे नंतर मिळकत पत्रिका आल्या, पण सातबाऱ्यात त्या घरांना जागा नाही ती नाहीच. म्हणून 'कागदावर नाही, सबब घरच नाही' असं म्हणत कुणी तिथे जेसीबी नेला, तर गावकरी त्याला कशेळीच्या पुलापलीकडे पोचवून येतील. त्याच बाळकुमच्या टॉवरांमध्ये, घोडबंदर रोडकडे तोंड करून लॅपटॉपवर बसलेली मंडळी मात्र हाच जेसीबी बिनदिक्कत चालवतात. त्याचं नाव 'गिट क्लीन'.

लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली केलेलं गिट हे प्रोग्रामचं दप्तर सांभाळतं. ज्या फाइलींकडे बघू नकोस असं सांगायचं, त्यांची नावं गिटइग्नोर नावाच्या यादीत लिहायची. माझं म्हणणं एवढंच, की 'बघू नकोस' आणि 'टाकून दे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. खुद्द गिटलाही ते पटलेलं आहे. साधं गिट क्लीन फक्त यादीबाहेरचा, नोंद नसलेला पसारा उचलतं; इग्नोर केलेल्या फाइलींना हात लावत नाही. तेही सक्तीचा 'एफ' दिल्याशिवाय जागचं हलत नाही. आपल्याकडच्या किती दिवाळी साफसफाया एवढ्या संयमाने होतात? अनर्थ सुरू होतो तो 'एक्स' या अक्षरापासून. लहान एक्स म्हणजे 'त्यांच्यासकट सगळं', मोठा एक्स म्हणजे 'फक्त त्याच'. म्हणजे अक्षर मोठं, पण झाडू आखूड. नव्याने लिहिलेला, अजून दप्तरी न लावलेला कोड मोठ्या एक्समधून वाचतो, लहानातून नाही. दोहोंच्या तावडीतून न सुटणाऱ्यांतली सगळ्यात गरीब बिचारी म्हणजे एन्व्ह फाइल: पासवर्ड आणि किल्ल्या जपणारी, इग्नोरच्या यादीत असलेली, दप्तरी नोंद नसलेली.

यावर पहिला आक्षेप असा, की इग्नोर केलेलं सगळं पुन्हा तयार करता येतं, मग जपायचं कशाला? बाहेरून उतरवून घेतलेला तयार कोड ठेवणाऱ्या नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरपुरतं ते खरं. ते शंभरदा उडवा, एका आज्ञेत पुन्हा उभं राहतं. वाट बघताना चहा तेवढा होतो. पण एन्व्ह फाइल कुठल्याच आज्ञेने परत येत नाही. गिटकडे ती कधी गेलीच नव्हती, त्यामुळे त्याच्या इतिहासातही नाही, आणि गिट क्लीन रिसायकल बिनच्या वाटेला जात नाही. घोटाळ्याचं मूळ इथे आहे: रद्दी आणि दागिने एकाच यादीत, आणि यादीवर शेरा एकच, 'दुर्लक्ष'. गिटचाही त्यात गोंधळ उडतो. शाखा, म्हणजे कोडची समांतर आवृत्ती, बदलताना नव्या शाखेत त्याच नावाची फाइल असली, तर नोंद नसलेल्या साध्या फाइलीसाठी ते अडून बसतं. इग्नोर केलेलीवर मात्र अक्षर न बोलता नवी फाइल लिहून मोकळं होतं. झाडताना जपलेलं, पाहुणा आला की बिनबोभाट बदललं!

दुसरा आक्षेप: एवढी मोलाची फाइल आहे तर दप्तरी नोंदवा की. म्हणजे तिजोरीची किल्ली नोटीस बोर्डावर टांगा. नोंदवायचा तो रिकामा नमुना, नावं असलेला आणि आकडे नसलेला. खरी फाइल दप्तराबाहेर, दुसरीकडे जपून. तिसरा आक्षेप अभिमानाचा: आम्हाला कळतं काय उडवायचं ते. कळत असेलही, पण मग 'एन' लावून बघायला काय हरकत आहे? तो लावला की गिट काहीही न उडवता ओळीने 'वुड रिमूव्ह' असं छापतं. मराठीत सांगायचं तर, 'काढली असती'. संकेतार्थात बोलणारा जेसीबी दुसरा कुठला मिळणार?

तेव्हा एक्स खरोखर चालवण्याआधी त्याच्या जोडीला एन लावावा, आणि त्या 'असती'च्या ओळी सावकाश वाचाव्यात. एन्व्हचं नाव दिसलं तर तिथेच थांबावं. सातबारा कोरा असला, तरी आत कुणी राहतं का, हे दार वाजवून बघायचं असतं.