कूलरची सेपरेट लाइन

एप्रिल लागला की नागपूरच्या सक्करदऱ्यात घरोघरी कूलर खिडकीत चढतो आणि वायरमन भाऊंचा भाव वाढतो. घरमालकाची मागणी एकच, 'सेपरेट लाइन' पाहिजे. भाऊ हॉलच्या बोर्डातून वायर काढतात, पांढऱ्या पट्टीतून भिंतीभर फिरवतात आणि टोकाला कोरंकरकरीत सॉकेट ठोकतात. "घ्या जी, झाली सेपरेट!" बोर्ड वेगळा, बटण वेगळं, मजुरीही वेगळी. सर्किट तेवढं जुनंच.

वेगळं सर्किट म्हणजे डीबीपासून (मुख्य वितरण पेटीपासून) निघालेला स्वतःचा फेज, स्वतःचा न्यूट्रल आणि जास्त करंट गेला की पडणारा स्वतःचा एमसीबी. अर्थिंग तर हवंच. कूलर म्हणजे शेवटी पाणी भरलेली लोखंडी पेटी. त्यातल्या त्यात जाणकार भाऊ फेज डीबीतून आणतात, पण न्यूट्रल वरच्या मजल्यावरचा उसना घेतात. मग गेलेला आणि परतलेला करंट जुळत नाही, गळती पकडणारा आरसीसीबी पडतो आणि दोष त्याच्याच माथी. "लय नाजूक हाये जी, काढूनच टाकू!"

दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट, एवढीच मर्यादा आयएस ७३२ या भारतीय मानकात पूर्वापार आहे. आपल्याकडे तेवढ्यात हॉल, देवघर, फ्रीज आणि पाहुण्यांची इस्त्री बसते. एमसीबी सारखा पडतो म्हणून तक्रार केली, तर त्यावरही इलाज आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवायचा. आता तो पडत नाही. वायर वितळते.