जपानहून परतलेल्यांसाठी पाककृती : पाठ पहिला

कंपनीने काही महिने ओसाकाला धाडलेल्या आणि परतल्यापासून घरच्यांना सुखाने जेवू न देणाऱ्या होतकरू माणसासाठी ही मार्गदर्शिका आहे. साहित्य : कोबी, मैदा, अंडी आणि तक्रार न करता ऐकून घेणारे दोन पाहुणे. कोबी बाजारात कधीही मिळतो. पाहुणे दुसऱ्यांदा मिळत नाहीत, तेव्हा जपून वापरावेत.

सुरुवात ओकोनोमियाकीने, म्हणजे तव्यावर भाजलेल्या कोबी-पिठाच्या जाड पोळीने करावी, कारण तिच्यातली चूक सॉसखाली झाकता येते. आधी पंथ निवडा. ओसाकावाले सगळं एकत्र कालवून तव्यावर घालतात. हिरोशिमावाले पातळ पिठाचा थर पसरून त्यावर कोबीचा डोंगर, मोड, मांस, परतलेल्या नूडल्स आणि शेवटी अंडं असे थर चढवतात. दोन्ही पंथांची माणसं एका पंगतीला बसवू नयेत. हिरोशिमाच्या माणसासमोर ‘हिरोशिमा-याकी’ म्हणू नये. त्याच्या लेखी ओकोनोमियाकी ती एकच, बाकीच्यांनी आपापली नावं शोधावीत. नवशिक्याने ओसाकाचा पंथ धरावा. डोंगर उलटवताना तो कुठे कोसळेल, हे अनुभवी माणसालाही सांगता येत नाही.

दोघांना १०० ग्रॅम मैदा, साधारण तेवढीच दाशी, दोन अंडी आणि ३०० ग्रॅम चिरलेला कोबी. आकडे वाचून कोबी जास्त वाटेल. तो जास्तच हवा. पीठ फक्त त्याला धरून ठेवायला असतं. जपानात यात नागाइमो नावाचा बुळबुळीत कंद किसून घालतात, त्याने आतून हलकेपणा येतो. किसताना हाताला खाज सुटते, सुरणाने सुटते तशीच आणि त्याच कारणाने. कंद न मिळाल्यास चिमूटभर बेकिंग पावडर घालून खाज वाचवावी.

दाशी म्हणजे कोंबू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे उकडून, धुरावर सुकवून रंध्यावर काढलेले माशाचे कागदासारखे काप, यांचं पाणी. इथे पाहुण्यांना सांगावं की १९०८ साली टोकियोच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबूतूनच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. पण हे सांगेपर्यंत कोंबू उकळतो आणि दाशी कडवट होते. म्हणून उकळी फुटण्याआधी कोंबू बाहेर काढावा, मगच इकेदांकडे वळावं. शाकाहारी घरात कोंबू आणि सुकवलेल्या शिताके अळंब्यांची दाशी करतात. जपानी बौद्ध मठांतला स्वयंपाक तसाच चालतो आणि त्यात कांदा-लसूणही वर्ज्य. जैन पाहुणे आल्यास ही माहिती भाव खाऊन जाते.

आता बिडाचा तवा चांगला तापवा. मिश्रण बोटभर जाडीचं घाला, वर डुकराच्या मांसाचे पातळ काप (घरात चालत नसल्यास कोलंबी), उलटवा, झाकण ठेवा. यापुढची पायरी सर्वांत कठीण : काहीही करू नका. तव्यावर काही दिसलं की ते उलथण्याने दाबायची आपल्या हाताला खोड असते. दाबलंत की कोबीची वाफ निसटते आणि गच्च गोळा उरतो. उलथणं दुसऱ्या खोलीत ठेवून पाच मिनिटांनी आणायला जावं.

सॉस मिळाला नाही म्हणून रडू नये. हिरोशिमाच्या ओताफुकु सॉसमध्ये गोडीसाठी खजूर असतो. खजूर, टोमॅटो सॉस, सोया सॉस आणि व्हिनेगर घेऊन बरंच जवळ पोचता येतं. वर मेयोनीज, मग कात्सुओबुशी. वाफेने ते काप वळवळतात, जिवंत असल्यासारखे नाचतात. शाकाहारी पाहुण्यांना हे मासे आहेत असं नाच संपल्यावर सांगू नये. आधी सांगावं.

पहिला घास घेताच पाहुणे आपल्याकडच्या एका पदार्थाचं नाव घेतील. कुठल्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. चिडू नये. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ओकोनोमियाकी हा पोरांचा एका सेनचा खाऊ होता, म्हणजे येनच्या शंभराव्या हिश्शाचा, आणि युद्धानंतरच्या उपासमारीत अमेरिकेहून आलेल्या गव्हाच्या पिठावर तो मोठ्यांचं जेवण झाला. एवढ्या गरिबीतून वर आलेल्या पदार्थाला अस्सलपणाचं सोवळं आपण नेसवतो.

धीर आला की उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्स. मैदा, मीठ, पाणी मळून गोळा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि वर उभं राहून पायांनी तुडवा. कागावा प्रांतात हीच रीत आहे, पण घरातल्या ज्येष्ठांना ती पटवायला जाऊ नये. त्या वेळी त्यांना देवळात पाठवावं.

रामेन मात्र नवशिक्याने घरी करू नये. हाकाताचा तोन्कोत्सु रस्सा दुधाळ व्हायला डुकराची हाडं तासन्‌तास खळखळ उकळावी लागतात आणि तेवढ्यात सोसायटीची सभा भरते. नूडल्सना पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो तो कानसुई या क्षारांमुळे. आपला पापडखार त्याच कुळातला. एवढं करूनही व्याख्यानाची हौस फिटत नसेल, तर जूझो इतामींचा १९८५चा ‘ताम्पोपो’ हा चित्रपट पाहावा. त्यात एक म्हातारा रामेन कसा खावा याचे धडे देतो : आधी वाडगं न्याहाळायचं, मग मांसाच्या कापाला चॉपस्टिकने हळूच स्पर्शून ‘लवकरच भेटू’ म्हणायचं. आपली खिल्ली कुणीतरी आधीच उडवून ठेवली आहे, हे कळल्यावर पुष्कळ बरं वाटतं.

तरीही पाहुणे आलेच आणि रस्सा झालाच नाही, तर मोमोफुकु आंदोंचं स्मरण करावं. ओसाकाजवळच्या इकेदा गावी, घरामागच्या खोपटात खपून त्यांनी १९५८ साली नूडल्स तळून वाळवायची युक्ती शोधली. झटपट नूडल्सचं कपाटातलं पाकीट काढा, उकळतं पाणी ओता, तीन मिनिटं झाकून ठेवा. जे काही सांगायचं असेल ते त्या तीन मिनिटांत सांगून टाका.