स्थिर पाणी

नर्मदाकाठी नेमावरच्या घाटावर पूजेच्या सामानाचं दुकान चालवणारा हा मराठी बाप भूतडी अमावस्येला पाहावा. घाटावर पाय ठेवायला जागा नसते. समोर गिऱ्हाईक उभं. 30 रुपयांचे 11 नारळ, 40 च्या 7 चुनऱ्या, वर 25 ची चिरौंजी. पाचशेच्या दोन नोटा हातात पडायच्या आत 365 रुपये गल्ल्यातून बाहेर! पुण्याच्या नर्मदा परिक्रमावासींनी विचारलं, तर पुढचा मुक्काम किती कोस, रोज किती चाललं तर कोणत्या तिथीला पोचाल, हेही तो नारळ पुसता पुसता सांगतो.

रात्री आठवीतली मुलगी वही घेऊन येते आणि याच माणसाला दरदरून घाम फुटतो.

"बाबा, एक नाव प्रवाहाच्या दिशेने 24 किलोमीटर 3 तासांत जाते, तेवढंच अंतर उलट यायला तिला 6 तास लागतात. स्थिर पाण्यात तिचा वेग किती?"

"नर्मदामैया स्थिर कधी असते?"

"समजायची, बाबा."

"समजायची कशी? आणि पलीकडे हंडियाला जायला पूल असताना हा माणूस नावेत बसलाच कशाला?"

मग तो चष्मा पुसतो. पाणी मागतो. सिद्धनाथाच्या मंदिराच्या दिशेने नकळत हात जोडतो. वहीत 'क्ष' दिसला की त्याला बोर्डाचा पेपर आठवतो, पेपरावरून मास्तर, मास्तरांवरून वेताची छडी. "अहो, तुम्ही राहू द्या," असं म्हणत आई मदतीला येते, नि 'क्ष' पाहून तिला एकदम दूध उतू गेल्याचा वास येतो. गॅस बंद असतो, पण ती जाते.

शेवटी बाप निर्वाणीचं वाक्य काढतो, "आपल्या घराण्यात गणित नाहीच गं." हे तो असं सांगतो की जणू त्याची होळकर दरबारची सनदच घरात आहे. अक्षर वाईट असलं तर माणूस लपवतो, गणित मात्र येत नाही हे चारचौघांत अभिमानाने सांगतो. कोपऱ्यातल्या आजी, ज्यांना पावकी, दिडकी, औटकीचे पाढे अजून तोंडपाठ आहेत, त्या ऐकून फक्त कपाळाला हात लावतात. घराण्यात त्या सून म्हणून आलेल्या, त्यामुळे धरल्या जात नसाव्यात.

आता घराण्याचंच म्हणाल, तर 2015 साली शिकागो विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी पहिली-दुसरीच्या मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. गणिताला घाबरणारे जे आईबाप गृहपाठात वरचेवर मदत करत, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्या मनातही भीती बसली. तितकेच घाबरट, पण मदतीला फारसे न धावणारे आईबाप असले, तर मुलांचं तसं नुकसान दिसलं नाही. म्हणजे भीती रक्तातून जात नाही, वहीवर वाकताना फुटलेल्या घामातून जाते.

आमच्या मुलीला शिकागो ठाऊक नाही, पण बाप ठाऊक आहे. हल्ली ती दुकान बंद व्हायच्या आत गणितं उरकते. जाणारा वेग 8, येणारा 4, म्हणून नाव 6 ची नि प्रवाह 2 चा. आधी शेवटच्या पानाशी उत्तर ताडून घेते, मग ते सोडवलेलं गणित तोंड पाडून बाबांपुढे धरते. बाबा घसा खाकरून सांगतात, "घाबरायचं नाही. नीट वाच. एकदा अजून वाच." ती दोनदा वाचते आणि उत्तर सांगते.

"बघा," बाबा आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडतात, "मी समजावल्यावर कसं पटकन येतं!"