एकखांबी तंबूचे मालक

एकट्या माणसाचीही कंपनी होऊ शकते, असा मान कायद्याने 2013 साली दिला. फक्त नोंदणी करतानाच विचारतात, तुमच्या पश्चात कंपनी कोणाची? नॉमिनीचे नाव आणि त्याची लेखी संमती जोडल्याशिवाय बारसे होत नाही.

मग दिल्लीत बसून नोएडाचे गिऱ्हाईक गाठावे. मेट्रोच्या लेखी शेजार, जीएसटीच्या लेखी परराज्य. काम पोचले, बिल गेले, की पालुपद सुरू: ‘सर, अकाउंट्सवाले छुट्टी पर हैं.’ दिवाळीचे पैसे होळीला, होळीचे दिवाळीला.

उपाय आहे. लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाला चहासुद्धा पाजू नये. अशी नोंदणी केलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज भरावे, असे 2006 चा कायदा बजावतो. व्याज मागण्याचा हक्क तुमचा. त्यानंतर पुढचे काम दुसऱ्याला देण्याचा गिऱ्हाइकाचा. म्हणून निम्मे पैसे आधीच घ्यावेत. हिशेब, वसुली, शिपाईगिरी सगळे आपल्यालाच करायचे असले, तरी उधारीखाते उघडायलाच हवे असे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही.