मशीन बत्तीस वेळा ‘वेलकम’ म्हणालं

“भाऊ, पगार झाला,” गाववाल्याचा फोन.

“अरे वा!”

“मला नाय. सिस्टीममधे झालाय.”

गाववाला खेड तालुक्यातला, दुबईत शटरिंग कारपेंटर, मुक्काम सोनापूर. मुंबईकरांनी दचकू नये. आपल्याकडे सोनापूरला माणूस चौघांच्या खांद्यावरून जातो. दुबईत मुहैसनाच्या कामगार वस्तीला हे नाव आहे आणि तिथे माणूस कंपनीच्या बसमधून जातो. परतही येतो, एवढाच फरक.

पूर्वी पगार रोख असायचा. (१९६६ पर्यंत तर तो रिझर्व्ह बँकेच्या रुपयांत मिळायचा, आखातासाठी आपण वेगळ्या नोटाच छापल्या होत्या. रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तोही थाट गेला.) रोख पगाराची गंमत अशी की तो द्यावाच लागायचा असं नाही. रजिस्टर मात्र भरावं लागायचं. पैसे पुढच्या महिन्यात, अंगठा आत्ता. आणि चेक? चेकचा दरारा अमिरातीत केवढा! घरभाडं पुढच्या तारखांच्या चेकने द्यायचं, आणि २०२२ चा नवा कायदा येईपर्यंत खात्यात पैसे नसल्याने चेक परतला तर थेट पोलीस. भाडेकरूने मालकाचे बुडवले की गुन्हा. अरबाबने, म्हणजे साहेबाने, मजुराचे बुडवले की ‘बुकरा’. म्हणजे उद्या. खल्लीवल्ली, म्हणजे सोडून दे.

मग २००९ मध्ये सरकारने ‘वेतन संरक्षण प्रणाली’ आणली. कंपनीने दर महिन्याला प्रत्येक माणसाच्या पगाराची फाइल बँकेकडे किंवा एक्स्चेंजकडे द्यायची, ती मध्यवर्ती बँकेकडे जाते, कामगार मंत्रालयाच्या नोंदींशी ताडून पाहिली जाते, मग पैसे सुटतात. हजार-बाराशे दिरहमवाल्याला बहुतेक बँका खातं देत नाहीत, म्हणून त्याच्यासाठी पगाराचं कार्ड. २०२२ च्या नियमात देय तारखेनंतर पंधरा दिवसांत पगार पडला नाही, की तो थकला असं धरायचं ठरलं. खरं सांगतो, योजना चांगली आहे. आता अंगठ्याचं खोटं चालत नाही, आणि तक्रार घेऊन गेलेल्या माणसाच्या बाजूने निदान एक कॉम्प्युटर तरी बोलतो. आपल्याकडच्या ठेकेदारांच्या कानावर हे घालू नका, रात्रीची झोप उडेल.

पण त्या कॉम्प्युटरची नजर कार्डापाशी थांबते. कार्ड कुणाच्या खिशात आहे ते त्याला दिसत नाही.

गाववाल्याचं कार्ड मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या, ड्रॉवरमध्ये होतं. “हरवेल म्हणून,” असं त्याला सांगितलं होतं. पासपोर्टही तिथेच, त्याच काळजीपोटी. तो ठेवून घ्यायला कायद्याने मनाई आहे, पण माया कायदा जाणत नाही. बताका, म्हणजे ओळखपत्र, तेवढं गाववाल्याकडे, कारण रस्त्यावर पोलिसाने मागितलं तर मुदीर धावत येणार नाही.

“पिन तरी तुझ्याकडे आहे ना?”

“कार्डाच्या पाठी लिवलाय. मुकादमाला लक्षात रवत नाय.”

गेल्या महिन्यात तो मुकादमाबरोबर एटीएमवर गेला, सामान उचलायला माणूस हवा म्हणून. मुकादमाने खिशातून रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा काढला, पत्ते पिसावेत तसा सारखा केला आणि सुरुवात केली. मागे रांग लागली. प्रत्येक कार्डाचे पैसे वेगळ्या पाकिटात. पाकिटावर नाव, नावाखाली ‘जेवण’, ‘रूम’, ‘व्हिसा’ अशी वजाबाकी आधीच लिहिलेली. फाइलमध्ये पगार पूर्ण, कार्डावर पूर्ण, मंत्रालयात हिरवी खूण, आणि पाकिटात उरेल ते.

गाववाला मोजत उभा होता. बत्तीस कार्डं. मशीन बत्तीस वेळा ‘वेलकम’ म्हणालं. सतराव्या वेळी ते त्याला उद्देशून होतं, म्हणून त्याने मागूनच हळूच मान लववली.

“चांगला वाटला रे,” तो म्हणाला. “कोणीतरी आदबीन बोलला.”