कोपर

चाळीस वर्षं पोहतोय, असं मी सगळ्यांना सांगतो. मध्यंतरी आमच्या तलावावरच्या कोच मुलीनं मोबाइलवर माझाच व्हिडिओ दाखवला, तेव्हापासून जरा हळू आवाजात सांगतो.

शिकलो विहिरीत. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, काठावर चुलते, आणि ढकलण्याआधी विचारायची पद्धत नव्हती. तिथलं तंत्र एकच : बुडायचं नाही. तेवढ्या भांडवलावर पुढे जिल्हा झाला, विद्यापीठ झालं, आता मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या स्पर्धा. हा प्रकार फार प्रेमळ. वयोगट पाच-पाच वर्षांचे, त्यामुळे पन्नाशी गाठली की आपण नव्या गटातलं शेंडेफळ!

तर व्हिडिओ. त्यात एक गृहस्थ भाकरी थापावी तसं पाणी थापत होते.

“काका, कोपर पडतंय तुमचं.”

कोपर पडतं म्हणजे पाण्यात हात शिरला की पंजाच्या आधी तेच खाली जातं. मग पंजा पाणी मागे ढकलायचं सोडून खाली दाबतो; छाती वर येते, पाय बुडतात आणि माणूस चढावर पोहू लागतो. मी उपाय म्हणून आजवर जोर वाढवत आलो. पण पाणी हवेच्या सुमारे 800 पट दाट, आणि वेग दुप्पट केला की त्याचा विरोध साधारण चौपट होतो. जोर पुरायचा कुठून?

आता ती मला मुठी वळून पोहायला लावते. पंजाच मिटला की कोपरापासूनच्या हाताला पाणी धरावंच लागतं. शेजारच्या लेनमधली पोरं, काका कुणाशी भांडतायत, अशा नजरेनं बघतात.

नवख्याचं बरं असतं, त्याला विसरायचं काही नसतं. माझा खांदा चाळीस वर्षांचा जुना कारकून. नवा साहेब आला म्हणून फाइल लावायची रीत बदलत नाही. कोपराकडे लक्ष दिलं की श्वास चुकतो, श्वास सांभाळला की पाय संपावर जातात. 2010 च्या आशियाई स्पर्धेत आमच्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं 50 मीटर बटरफ्लायचं कांस्य जिंकलं, तेव्हा ते पदक मीच आणल्यासारखे मी पेढे वाटले होते. त्याचं कोपर बघायचं मात्र राहून गेलं.

तीन महिने झाले. 50 मीटरला 46 हात लागायचे, आता 40 लागतात. वेळ 2 सेकंदांनी वाढलीय.