सेवा तिची, मेवा केंद्राचा

अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना कुशीवर वळवण्याचे काम फुकटातच व्हायला हवे, यावर आपल्याकडे सर्वपक्षीय एकमत आहे. सून करते तेव्हा ते कर्तव्य. रुग्णसेवा पुरवणाऱ्या ब्युरोची मावशी करते तेव्हा ‘एवढे पैसे?’ अशा देशात सरकारने हे काम शिकवायला पैसे मोजायचे ठरवले, म्हणजे क्रांतीच की! फक्त कोणाच्या हातावर मोजायचे, तेवढे राहून गेले.

२०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. शिकून परीक्षा पास होणाऱ्याला सरासरी ८,००० रुपये बक्षीस. पुढच्या टप्प्यात शिकवण्याचे पैसे प्रशिक्षण केंद्रचालकांकडे वळले. जिने उभा जन्म म्हाताऱ्यांची उठबस केली, तिच्यासाठीही सोय होती: ‘तुला हे येते’ असे प्रमाणपत्र आणि वर ५०० रुपये. तिला येत होतेच. सरकारला आत्ता कळले, त्याची ही फी असावी. २०२१च्या जूनमध्ये कोरोनासाठी २७६ कोटींचा झटपट अभ्यासक्रम निघाला, त्यातही ‘होम केअर’ होते.

मग सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने या योजनेचे दप्तर उघडले. सुमारे ९६ लाख प्रशिक्षणार्थींपैकी ९४ टक्क्यांहून अधिकांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, नाहीतर नुसती मोकळी जागा! उरलेल्यांत कुठे ‘१११११११११११’ असाही खाते क्रमांक. निष्काम कर्मयोग आणखी तो कसला?

तिकडे २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिथल्या आजोबांसाठी आपली पोरे जर्मन शिकायला तयार होतात, कारण तिथे त्या कामाला रीतसर पगार आहे. इथे मावशीकडे प्रमाणपत्र असो वा नसो, ब्युरोचा दर तोच आणि ब्युरोचे कमिशनही तेच.

तेव्हा आमची नम्र सूचना: पुढचे अनुदान घरमालकांच्या प्रशिक्षणाला द्यावे. अभ्यासक्रम सोपा आहे. पहिला धडा, आठवड्याची भरपगारी सुट्टी. दुसरा, चोवीस तासांच्या बाईलाही झोप लागते. तिसरा, तिचा चहाचा कप वेगळा ठेवू नये. पास होणाऱ्याला ५०० रुपये आणि फोटोसह प्रमाणपत्र. नापास होणारेच जास्त निघतील, त्यामुळे तिजोरीवर भारही पडणार नाही.

मावशींना शिकवायला पैसे जरूर द्या. पण शिकल्यावर पगार वाढणार नसेल, तर ते अनुदान मावशीचे नाही, केंद्रचालकाचे आहे.